अडकलेला सांधा सुटतो कसा?

स्टीलचे दोन पेले एकात एक अडकले नाहीत, असे घर महाराष्ट्रात सापडणे कठीण. एक जण आतला पेला ओढतो, दुसरा बाहेरचा धरून ठेवतो आणि दोघांचे हात लाल होतात. शेवटी घरातले कोणीतरी जाणते माणूस येते, बाहेरचा पेला गरम पाण्यात धरते, आतल्या पेल्यात गार पाणी ओतते आणि पेले सुटतात. वाट्यांच्या बाबतीत मात्र असे सहसा घडत नाही. डझनभर वाट्या एकात एक रचून ठेवल्या तरी त्या हाताने सहज सुट्या होतात. पेले अडकतात आणि वाट्या का अडकत नाहीत? या प्रश्नाचे उत्तर जुन्या पिकअप गाडीच्या खाली, पुढच्या दोन चाकांच्या मध्ये, फार स्पष्टपणे मिळते. म्हणून या लेखात आपण गाडीखाली शिरणार आहोत.

उदाहरणासाठी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी भरून आंबा घाटाने कोल्हापूरकडे चढणारी एखादी पंधरा-वीस वर्षांची पिकअप डोळ्यांसमोर आणा. वर बर्फात घातलेली मासळी, तिचे खारट पाणी खाली ठिबकते आहे, समुद्रावरची खारी हवा बारा महिने लागते आहे आणि कोकणातला पाऊस आहेच. अशा गाडीचे स्टिअरिंग ढिले झाले, वळणावर खडखड येऊ लागली, की झिजलेले सांधे बदलावे लागतात. नवा सांधा बाजारात मिळतो आणि बसवायला वेळही फारसा लागत नाही. सारा दिवस जातो तो जुना सांधा काढण्यात. आणि घाईने, चुकीच्या जागी हातोडा मारून तो काढला, तर जो भाग चांगला होता त्यालाही इजा होते. घाटाच्या वळणावर हा सांधा निखळला तर चालकाच्या हातातले चक्र फिरते, पण चाके वळत नाहीत. तेव्हा सांधा कसा सोडवावा हा केवळ गॅरेजवाल्याच्या सोयीचा प्रश्न नव्हे.

प्रथम या सांध्यांची ओळख करून घेऊ. पुढे अखंड आस आणि पाटे असलेल्या जुन्या गाडीत चालकाने फिरवलेले चक्र एका पेटीतील दात्यांना फिरवते. या पेटीला स्टिअरिंग बॉक्स म्हणतात. पेटीतून बाहेर आलेल्या दांड्यावर एक आखूड, जाड हात बसवलेला असतो, त्याला गॅरेजमध्ये ड्रॉप आर्म म्हणतात. इंग्रजी पुस्तकांत त्याचे नाव पिटमन आर्म असे आढळते आणि त्यामागे एक गंमत आहे. पूर्वी मोठे ओंडके खड्ड्यावर आडवे टाकून दोन माणसे उभ्या करवतीने कापत. एक माणूस वर उभा असे आणि दुसरा खड्ड्यात. खड्ड्यातला तो पिटमन. पुढे लाकूड कापण्याच्या गिरण्या आल्या तेव्हा त्याच्या जागी करवत वरखाली करणाऱ्या दांड्यालाही तेच नाव मिळाले आणि तिथून ते मोटारीत उतरले. खड्ड्यातल्या त्या माणसाच्या डोक्यावर दिवसभर भुसा पडत असणार. नाव तेवढे राहिले.

ड्रॉप आर्मचे दुसरे टोक ड्रॅग लिंक नावाच्या दांड्याला ओढते किंवा ढकलते, तो दांडा एका चाकाला वळवतो आणि टाय रॉड नावाचा दुसरा, लांब दांडा त्या चाकाला दुसऱ्या चाकाशी जोडतो. त्यामुळे दोन्ही चाके एकदम वळतात. रस्त्यावरच्या खड्ड्यांनी चाके वरखाली होत असताना हे दांडे मोडू नयेत म्हणून त्यांच्या टोकांना बॉल जॉइंट असतात. आपल्या खुब्याच्या सांध्यासारखाच हा प्रकार आहे. वाटीत बसलेला गोळा, भोवती ग्रीस, आणि धूळ-पाणी आत शिरू नये म्हणून रबराची टोपी. गोळ्यातून एक आखूड दांडी बाहेर येते. ही दांडी चाकाजवळच्या हाताच्या टोकाला असलेल्या भोकात बसते. भोक असलेल्या त्या जाड टोकाला आपण या लेखापुरते ‘कडे’ म्हणू. दांडीच्या शेंड्यावर आटे असतात. त्यांवर नट आवळून आणि नटाच्या खाचेतून स्प्लिट पिन घालून हा सांधा पक्का करतात.

आता मुख्य मुद्दा. ही दांडी सरळ नळकांड्यासारखी नसते, निमुळती असते. कड्यातले भोकही तितकेच निमुळते असते. गाड्यांच्या स्टिअरिंगमध्ये अनेकदा १ : ८ असा उतार आढळतो. म्हणजे दांडीवरून ८ मिलिमीटर पुढे गेले की तिचा व्यास १ मिलिमीटरने वाढतो. व्यासाची ही वाढ दोन बाजूंत वाटली जाते, म्हणून प्रत्येक बाजूचा उतार १६ ला १, अर्थात ०.०६२५ इतका होतो. नट आवळला की ही दांडी पाचरीसारखी कड्यात ओढली जाते. कडे किंचित ताणले जाते, एखाद्या रबरी वेटोळ्यासारखे दांडीला आवळून बसते, आणि सांध्यात तिळमात्र ढिलाई उरत नाही. सरळ दांडी सरळ भोकात बसवली असती तर आत जाण्यापुरती फट ठेवावीच लागली असती. प्रत्येक खड्ड्याला ती फट वाढत गेली असती.

पाचर आत ठोकली की ती परत का येत नाही? पाठ्यपुस्तकातल्या उतरणीच्या गणितात बहुधा ‘घर्षण उपेक्षणीय माना’ अशी सूचना असते. ही सूचना आम्हाला नेहमीच थोडी खटकते. इथे घर्षण उपेक्षणीय मानले तर नट सैल होताच दांडी लिंबाच्या बीसारखी सटकन बाहेर येईल. ताणलेले कडे दांडीला बाहेर ढकलत असतेच, त्या ढकलण्याचा जोर उताराच्या प्रमाणात असतो. तिला धरून ठेवणारे घर्षण घर्षणांकाच्या प्रमाणात असते. स्वच्छ, कोरड्या पोलादावर पोलाद ठेवले तर घर्षणांक साधारण ०.१५ किंवा त्याहून अधिक असतो. उतार ०.०६२५, घर्षणांक ०.१५. घर्षण जिंकते आणि पाचर जागच्या जागी राहते. उतार घर्षणांकापेक्षा मोठा असता तर ती आपोआप सुटली असती.

पेले आणि वाट्या यांचे कोडे इथेच सुटते. पेल्याची भिंत जवळजवळ उभी, म्हणून तिचा उतार घर्षणांकापेक्षा लहान. वाटीची भिंत पसरट, म्हणून उतार मोठा. हे वर्गात मोजून पाहता येईल. समजा पेल्याच्या तोंडाचा बाहेरील व्यास ७ सेंटिमीटर, तळाचा ५.४ आणि उंची १० सेंटिमीटर आहे. दोन व्यासांतील फरकाला उंचीच्या दुपटीने भागले की उतार ०.०८ येतो. मग स्टीलच्या ताटात एक पेला उपडा ठेवून ताटाची एक कड हळूहळू उचलावी. पेला घसरू लागेल त्या क्षणी ताट धरून ठेवून उचललेल्या कडेची उंची आणि जमिनीवरचे अंतर मोजावे. उंचीला अंतराने भागले की पेला आणि ताट यांच्यातला घर्षणांक मिळतो. तो पेल्याच्या उतारापेक्षा बराच मोठा येईल. हाच उतार वाटीचा काढून तुलना करण्यास मुलांना जरूर सांगावे. (ओले पेले अडकतात त्यात मध्ये कोंडलेल्या हवेचा आणि पाण्याचाही वाटा असतो, म्हणून प्रयोगासाठी पेले कोरडे घ्यावेत.)

या गुणाचा उपयोग गाड्यांच्याही आधीपासून केला जात आहे. अमेरिकेतील स्टीफन मोर्स यांनी १८६० च्या दशकात ड्रिल यंत्रात बसवण्यासाठी निमुळत्या दांडीची पद्धत रूढ केली. तिचा व्यास साधारण २० ला १ या प्रमाणात वाढतो. ड्रिल नुसते हाताने वर ढकलून बसवतात, त्याला नट लागत नाही. आयटीआयच्या कार्यशाळेत हे रोज पाहायला मिळते. ते काढायला एका खाचेतून चपटी पाचर ठोकावी लागते. म्हणजे पाचरीला पाचरच काढते.

आता थोडे आकडे मांडू. मेकॅनिकने ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर २० किलोग्रॅम भाराचा जोर लावून १४ मिलिमीटर जाडीच्या दांडीवरचा नट आवळला, तर दांडी सुमारे दोन टन भाराने ओढली जाते. (पान्यावरचा बराचसा जोर आट्यांमधल्या घर्षणात जातो, तो वजा करूनच हा आकडा काढला आहे.) दांडी आत शिरताना हा दोन टनांचा जोर उतार आणि घर्षण या दोघांशी झुंजतो. दोहोंची बेरीज ०.०६२५ + ०.१५ = ०.२१२५. दोनाला या संख्येने भागले की दांडी आणि कडे यांच्यातील एकूण लंबबल मिळते. ते जवळजवळ साडेनऊ टन येते! बोटाएवढी दांडी आणि तिच्याभोवती साडेनऊ टनांची पकड.

बाहेर काढताना उतार आपल्या बाजूने असतो, म्हणून बेरजेऐवजी वजाबाकी करायची. ०.१५ मधून ०.०६२५ वजा जाता ०.०८७५ उरतात. त्याला साडेनऊने गुणले की उत्तर सुमारे ०.८ टन. म्हणजे नवा, स्वच्छ सांधा आवळायला जेवढा जोर लागला त्याच्या निम्म्याहून कमी जोरात तो सुटायला हवा. आणि तसा तो सुटतोही. नव्या गाडीच्या दुरुस्तीत कोणी कपाळाला हात लावून बसलेले आम्ही पाहिलेले नाही.

जुन्या गाडीत गणित बिघडवतो तो गंज. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो, हे सातवीतला मुलगाही सांगेल. पण दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. एक म्हणजे, गंज ज्या लोखंडापासून होतो त्याच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो. कड्याच्या कडेने बारीक फटीत पाणी शिरले आणि तिथे गंज झाला, की तो फुगून दांडीला आणखी आवळतो. दुसरी गोष्ट अधिक आश्चर्याची आहे. अरुंद फटीत प्राणवायू कमी पोहोचतो, तरीही तिथलेच लोखंड जास्त खाल्ले जाते. बाहेर, जिथे प्राणवायू भरपूर आहे, तो भाग धनाग्र-ऋणाग्राच्या जोडीत ऋणाग्राचे काम करतो आणि फटीतला भाग धनाग्र होऊन विरघळत राहतो. मिठामुळे पाण्याची विद्युतवाहकता वाढते, म्हणून मासळीच्या गाडीत हा उद्योग जोरात चालतो. पृष्ठभाग खडबडीत होऊन घर्षणांक समजा ०.५ झाला, तर आपल्या वजाबाकीत ०.४३७५ उरतात आणि सुटण्यासाठी चार टनांहून जास्त जोर लागतो. गंजाच्या फुगण्याने वाढलेली पकड यात धरलेलीच नाही.

एवढे समजल्यावर उपायांकडे वळू. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावून, आणि आसाखाली भक्कम स्टँड देऊनच काम करावे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. ठोकाठोकीत पोलादाचे कपचे उडतात, तेव्हा डोळ्यांवर गॉगल हवा.

पहिला उपाय धीराचा. स्प्लिट पिन काढून, तारेच्या ब्रशने गंज खरवडून, सांध्यावर रॉकेल, डिझेल किंवा गंज सोडवण्याचे पातळ तेल सोडावे आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. हे तेल फटीत शिरते ते केशाकर्षणाने. काचेच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवून त्यांचे एक टोक रंगीत पाण्यात बुडवले तर पाणी वर चढते, तसेच हे. फट जितकी अरुंद तितके द्रव दूर जाते, पण तितकाच वेळही जास्त लागतो, कारण अरुंद वाटेत द्रवाची चिकटपणाची अडचण वाढते. म्हणून तेल पातळ हवे आणि वेळ भरपूर हवा. पाच मिनिटांत हातोडा उचलणाऱ्याला तेलाचा फायदा मिळत नाही.

दुसरा उपाय हातोड्याचा. इथेच नवशिका आणि मुरलेला कारागीर यांच्यातला फरक दिसतो. नवशिका दांडीच्या शेंड्यावर, म्हणजे आट्यांवर, हातोडा मारतो. दांडी ज्या दिशेने बाहेर जायची त्याच दिशेने जोर लावला, यात चूक ती काय? चुका दोन आहेत. चाकाजवळचा हात लांब आणि एका टोकाला मोकळा असतो. फटका बसला की तो लवतो आणि फटक्याची बरीचशी ऊर्जा त्या लवण्यात जाते. लोंबकळत्या फांदीवर खिळा ठोकून पाहा म्हणजे कळेल. शिवाय शेंडा फुलून आटे बिघडतात. मग नटही निघत नाही आणि दांडीही.

मुरलेला कारागीर नट पूर्ण काढत नाही. तो शेंड्याच्या पातळीपर्यंत सैल करून तिथेच ठेवतो. आटे सुरक्षित राहतात आणि सांधा अचानक सुटला तरी दांडा अंगावर येत नाही. मग कड्याच्या एका बाजूला जड घण टेकवून धरतो आणि नेमक्या समोरच्या बाजूवर दुसऱ्या हातोड्याने आडवा, खणखणीत फटका मारतो. दांडीला तो हातही लावत नाही! दोन-चार फटके, आणि ‘टक्’ असा आवाज होऊन दांडी खाली घसरते. पाहणाऱ्याला ही जादू वाटते.

या आडव्या फटक्याने काय होते? एक किलोग्रॅमचा हातोडा सेकंदाला ५ मीटर वेगाने येऊन अर्ध्या मिलिसेकंदात थांबला, असे समजा. त्या अल्प काळात कड्यावर सरासरी एक टनाचा भार पडतो. मागे घण असल्याने कडे पळून जाऊ शकत नाही, म्हणून ते दबते. गोल कडे क्षणभर लंबगोल होते. फटक्याच्या दिशेने ते चेपते आणि त्याला काटकोनातल्या दिशेने किंचित फाकते. जिथे फाकते तिथे दांडीवरची पकड सैल होते. भोवतालच्या सर्व बाजूंनी वाटून दिलेले घर्षण क्षणभर विस्कटते, गंजाचा ठिसूळ थर तडकतो, आणि ताणून बसलेले कडे उताराच्या साहाय्याने दांडीला बाहेर ढकलून देते. म्हणजे सांधा सुटतो तो कड्यात साठून राहिलेल्या ऊर्जेने. हातोड्याचे काम घर्षणाला क्षणभर बाजूला सारण्याचे. आमच्या मते संपूर्ण दुरुस्तीतली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे. अडकलेले पेले ओढत असताना बाहेरच्या पेल्यावर लाकडी पळीने चहूबाजूंनी टकटक केले तर नुसत्या ओढण्यापेक्षा ते लवकर सुटतात, तेही याच कारणाने.

तरीही दांडी हलली नाही तर पुलर लावावा. हा एक पोलादी पंजा असतो. त्याचे पाय कड्याखाली अडकतात आणि मधला स्क्रू दांडीच्या शेंड्यावर दाबतो. स्क्रूचा आटा दीड मिलिमीटरचा आणि पाना ३० सेंटिमीटरचा असेल, तर हात एका फेऱ्यात १,८८५ मिलिमीटर फिरतो तेव्हा स्क्रू फक्त दीड मिलिमीटर पुढे जातो. घर्षण नसते तर जोर साडेबाराशे पटींनी वाढला असता. प्रत्यक्षात त्यातला नऊ-दशांश घर्षण खाते असे धरले तरी सव्वाशे पट उरतो, म्हणजे २० किलोग्रॅमच्या जोरावर अडीच टन. आठवा, स्वच्छ सांध्याला ०.८ टन हवा होता आणि गंजलेल्याला चार टनांहून अधिक. तेव्हा जुन्या सांध्याला नुसता पुलर पुरा पडेलच असे नाही. पान्याला पाइप लावून जोर वाढवत नेला तर पुलरच तुटून त्याचा तुकडा उडतो. शहाणपणाची रीत अशी, की पुलर घट्ट आवळून ठेवावा आणि मग कड्यावर आडवा फटका मारावा. ताण आधीच दिलेला असतो, फटका फक्त घर्षण मोडतो.

दोन पायांची लांब पाचर सांधा आणि कडे यांच्यामध्ये ठोकून सांधा उचकटण्याचीही पद्धत आहे. तिने काम झटपट होते, पण रबराची टोपी हमखास फाटते. सांधा फेकूनच द्यायचा असेल तर हरकत नाही. तो परत बसवायचा असेल तर ही पाचर खोक्यातच राहू द्यावी. फाटक्या टोपीतून वाळू-पाणी आत गेले की चांगला सांधा पाहता पाहता निकामी होतो.

राहिली उष्णता. पेल्यांना गरम पाणी चालते, मग सांध्याला गॅसची ज्योत का नको? हिशेब करून पाहू. पोलादाची लांबी दर अंशाला सुमारे दशलक्षात १२ भागांनी वाढते. १५ मिलिमीटर व्यासाचे कडे २०० अंश सेल्सिअसने तापवले तर भोक ०.०३६ मिलिमीटरने मोठे होते. डोक्याच्या केसाच्या जाडीच्या निम्मेच, पण पकड सोडवायला पुरेसे. उलट पेल्याचा व्यास मोठा आणि स्टेनलेस स्टील अधिक प्रसरण पावणारे, म्हणून ७ सेंटिमीटरच्या पेल्याला ४० अंशांचा फरकही पुरतो, त्यात ०.०४८ मिलिमीटर फट मिळते. स्वयंपाकघरातला उपाय गॅरेजमधल्यापेक्षा कार्यक्षम निघाला तो असा! मात्र स्टिअरिंगच्या भागांना ज्योत लावणे आम्हाला मुळीच पसंत नाही. हे भाग विशिष्ट तापमानाला तापवून आणि थंड करून चिवट केलेले असतात. बेताल तापवले की तो चिवटपणा जातो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. सांध्यातल्या बंद ग्रीसची वाफ होऊन टोपी फुटते, कधी सांधाच उडतो. जवळून ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या जात असतात ते वेगळेच.

ड्रॉप आर्मची गोष्ट थोडी निराळी. तोही निमुळत्या दांड्यावर बसतो, शिवाय तिथे उभ्या बारीक खाचा असतात. त्याचे कडे जाड असते आणि पलीकडे स्टिअरिंग बॉक्समधले दाते व गोळ्या असतात. दांड्यावर जोराने ठोकले तर तो धक्का सरळ त्या गोळ्यांवर जातो, त्यांच्या मार्गात सूक्ष्म खड्डे पडतात आणि पुढे कायमच चक्र फिरवताना हाताला अडखळल्यासारखे लागते. म्हणून इथे मोठा पुलर, तेल आणि धीर. काढण्यापूर्वी आर्म आणि दांडा या दोघांवरही एक रेघ ओढावी. एका खाचेने इकडेतिकडे बसला तर सरळ रस्त्यावर गाडीचे चक्र तिरके राहते.

चालकापुढचे चक्र काढतानाही हीच दक्षता. मधला नट काही आटे सैल करून तसाच ठेवावा. मग चक्र दोन्ही बाजूंनी धरून, आळीपाळीने डावीकडून आणि उजवीकडून आपल्याकडे ओढावे. नट नसेल तर चक्र सुटून थेट तोंडावर येते. दांड्याच्या टोकावर घाव घालू नयेत.

टाय रॉडच्या टोकांना असलेले आटे गंजले तर मात्र वरचे उतारांचे गणित लागू पडत नाही. तिथे निमुळतेपणा नाही, नुसता गंज आहे. आडव्या फटक्याने दांडी उडी मारून बाहेर येणार नाही. तेल, रात्रभर विश्रांती, आणि मग पाव फेरा पुढे, अर्धा फेरा मागे असे हलवत न्यावे लागते. आणखी एक फसवणूक इथे दबा धरून असते. टाय रॉडच्या एका टोकाला नेहमीचे आटे असतात, तर दुसऱ्याला उलटे. हे ज्याला ठाऊक नाही तो एक टोक सोडवतो म्हणून तासभर आवळतच बसतो! आधी आट्यांचा कल निरखून पाहावा. सांधा काढताना किती फेऱ्यांत सुटला ते मोजून खडूने लिहून ठेवावे आणि नवा सांधा तितक्याच फेऱ्यांनी बसवावा.

नवा सांधा बसवण्यापूर्वी कड्याच्या भोकात बोट फिरवून आणि उजेड पाडून पाहावे. भोक लंबगोल झाले असेल, आत ओरखडे किंवा खोल गंज असेल तर नव्या दांडीचे सर्व अंग टेकणार नाही, आणि तेव्हा तो हातच बदलायला हवा. दांडीवर पेन्सिलीने उभ्या रेघा ओढून ती भोकात दाबून फिरवली, तर जिथे टेकते तिथल्याच रेघा पुसट होतात. ही साधी परीक्षा वर्गातही दाखवण्यासारखी आहे. निमुळता भाग स्वच्छ आणि कोरडा ठेवावा, ग्रीस लावू नये. घर्षणांक कमी झाला की त्याच नटाने दांडी जास्त खोल ओढली जाते आणि कड्यावरचा ताण वाढतो. वरच्या बेरजेत ०.१५ ऐवजी ०.०८ घालून पाहा. नट सांगितलेल्या जोरानेच आवळावा. स्प्लिट पिनचे भोक नटाच्या खाचेसमोर आले नाही तर नट किंचित आणखी आवळावा, सैल कधीही करू नये. जुनी स्प्लिट पिन सरळ करून परत घालण्याची चाल सर्रास दिसते. दोनदा वाकवलेली तार तिसऱ्यांदा वाकवली की मोडते, आणि इथे ती काही पैशांची बचत घाटात महाग पडते. नवी पिनच घालावी.

शेवटी चाकांची दिशा तपासावी. टाय रॉडच्या दोन्ही टोकांना दीड मिलिमीटरचे, परस्परविरुद्ध आटे असतील तर दांडा एक फेरा फिरवल्यावर त्याची लांबी ३ मिलिमीटरने बदलते. पुढच्या दोन्ही टायरांच्या मधोमध, आसाच्या उंचीवर, समोरच्या बाजूने खडूच्या खुणा करून त्यांच्यातले अंतर मोजावे. नंतर गाडी चाकाच्या अर्ध्या फेऱ्याइतकी पुढे ढकलावी, म्हणजे त्याच खुणा मागच्या बाजूला येतात. तिथे पुन्हा अंतर मोजून दोहोंतला फरक गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहावा. दोन्ही वेळा टायरवरचे तेच बिंदू मोजले गेल्यामुळे रिम थोडी वाकडी असली तरी तिची चूक मोजमापात शिरत नाही.